हेडफोनच्या अ‍ॅम्पवर स्पीकर वाजेल का?

खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हल्ली अनेकांकडे असतो. तो मोबाइलला जोडला की हेडफोनमधला तानपुरा, तबला मोकळा ऐकू येतो. मग माळ्यावर पडलेले जुन्या डेकचे स्पीकर आठवतात आणि प्रश्न पडतो, हीच डबी त्यांना थेट जोडली तर? आवाज येईल. समोर टेबलाशी बसलात तर ऐकण्याजोगाही येईल. खोली मात्र भरणार नाही. याचं कारण समजून घेतलं, तर पैसेही वाचतात आणि अ‍ॅम्पही.

हेडफोनचा पडदा कानाला जवळजवळ चिकटलेला असतो. त्यामुळे एका मिलिवॅटमध्ये, म्हणजे वॅटच्या हजाराव्या भागात, बरेच हेडफोन १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतात. घरगुती स्पीकरला पूर्ण एक वॅट द्यावा, तेव्हा एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल मिळतात.

दुसरा फरक ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचा. हेडफोन साधारण १६ ते ३०० ओहमचे, तर स्पीकर ४ किंवा ८ ओहमचे. ओहम जितके कमी, तितका त्याच व्होल्टेजला करंट जास्त. दोन व्होल्टला ३२ ओहमचा हेडफोन सुमारे ६३ मिलिअँपिअर घेतो. ८ ओहमचा स्पीकर २५० मागतो. तेवढा करंट अ‍ॅम्पमधल्या छोट्या आयसीला आणि बॅटरीला पुरवता आला पाहिजे, आणि घोडं अडतं ते इथेच. गच्चीवरची टाकी कितीही उंच असो, पाइप बारीक असेल तर बादली सावकाशच भरते.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे ‘ओटू’ हा अ‍ॅम्प. ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका जाणकाराने २०११ मध्ये त्याची रचना सर्वांसाठी खुली केली आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर किंवा अ‍ॅडाप्टरवर तो चालतो. अ‍ॅडाप्टरवर ३३ ओहमला तो सुमारे ६०० मिलिवॅट देतो. ओहम निम्म्याहून कमी केले, तर वॅट वाढायला हवेत; पण १५ ओहमला तो ३४० मिलिवॅटच्या आसपास उतरतो. करंटची हद्द गाठली गेली, हा त्याचा अर्थ. ती हद्द दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास आहे. त्याच हिशेबाने ८ ओहमच्या स्पीकरला पाव वॅटहूनही कमी, जेमतेम ०.१८ वॅट मिळतात.

आता हे कानाच्या भाषेत. स्पीकर ८८ डेसिबलचा असेल तर एक मीटरवर जास्तीत जास्त ८० डेसिबल होतात. पण ही उंची गाण्यातल्या सर्वांत जोरकस क्षणाची. सरासरी आवाज त्याच्या दहा-पंधरा डेसिबल खाली, म्हणजे ६५ ते ७० राहतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. तेव्हा रात्री टेबलाशी बसून एखादा ख्याल ऐकायला एवढं पुरेसं आहे. पण पखवाजाची थाप आली आणि तुम्ही आवाज वाढवला, की करंट संपतो, लहरीचे शेंडे छाटले जातात आणि थाप फाटल्यासारखी ऐकू येते.

आणखी एक गोष्ट तपासायला हवी. काही अ‍ॅम्पच्या आउटपुटचाच रोध १० ओहम किंवा अधिक असतो. ८ ओहमचा स्पीकर सर्व स्वरांना ८ ओहमचा राहत नाही. खर्जात एका ठिकाणी तो २०-३० ओहमवर चढतो. अशा अ‍ॅम्पवर तेवढाच खर्ज फुगतो आणि ढिला पडतो. म्हणून आउटपुटचा रोध एक ओहमहून कमी असलेलाच अ‍ॅम्प या कामाला घ्यावा. बॅलन्स्ड जॅक असेल तर डाव्या-उजव्या चॅनलच्या वजा तारा कधीही एकत्र जोडू नयेत. त्या दोन्हींत सिग्नल असतो. एकत्र केल्या तर शॉर्ट होऊन अ‍ॅम्प जळू शकतो.

खोलीभर गाणं हवं असेल, तर रस्ता सोपा आहे. ज्या स्पीकरमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प असतो, त्यांच्या इनपुटचा रोध सहसा हजारो ओहम असतो. ते नगण्य करंट घेतात, म्हणून हेडफोन अ‍ॅम्प तिथे निर्धास्त जोडावा. जुने साधे स्पीकर वापरायचे असतील, तर मधे एक छोटा अ‍ॅम्प-बोर्ड घालावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे बोर्ड स्वस्तात मिळतात. त्यांतला ‘पीएएम ८४०३’ मोबाइल चार्जरच्या पाच व्होल्टवर चालतो आणि ८ ओहमला दर चॅनल सुमारे दीड वॅट देतो. ओटूच्या हे आठपट झालं, म्हणजे नऊ डेसिबल जास्त. कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. याच्याही वजा तारा एकत्र करायच्या नाहीत.

तेव्हा जोडण्याआधी स्पीकरचे ओहम आणि डेसिबल बघा, अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात आउटपुटचा रोध आणि करंट शोधा. आवाज शून्यावर ठेवून सुरुवात करा, हळूहळू वाढवा, सूर फाटायला लागला की लगेच मागे या. माळ्यावरचे स्पीकर भंगारात देऊ नका. त्यांना हवा आहे तो फक्त पुरेसा करंट.