टाळेबंदीतली वाकळ

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. कापडाची दुकाने बंद झाली, शेजारचा उंबरठाही परका झाला. घरोघरच्या ट्रंकांतील जुनेरांची आठवण व्हावी, असाच तो काळ होता.

आपल्या बेळगावकडे जिला वाकळ म्हणतात आणि कन्नड शेजारीण जिला कौदी म्हणते, तिला नव्या कापडाची गरजच नसते. अनेक धुण्यांनी मऊ झालेली सुती लुगडी-धोतरे थरावर थर अंथरावीत, वर ठिगळे जोडावीत आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत मध्य गाठावा, म्हणजे थर सरकत नाहीत.

एरवी हे काम शेजारणींच्या घोळक्यात व्हायचे. टाळेबंदीत ते घरच्याच हातांवर आले : सुईत दोरा ओवायला नातवंडे, कापड ताणून धरायला यजमान. एप्रिलमध्ये सरकारने घरगुती मुखपट्टीचा सल्ला दिला, तेव्हा त्याच जुनेरांतून तिचेही तुकडे निघाले.

त्या साथीने अनेक घरांतले वडीलधारे माणूस नेले. निरोपालाही सारे आप्त जमू शकले नाहीत. अशा घरी आजीचे लुगडे वाकळीत शिवले गेले असेल, तर भगिनींनो, ती ट्रंकेत ठेवू नये, नित्य पांघरावी. विरली तर पुन्हा ठिगळ लावावे. वाकळीची रीतच तशी आहे.