टाकीत थवा का फुटतो?

कर्नाटकातल्या कुळगीच्या रानात चितळ कळपाने चरतात ते बिबट्या आणि कोळसुंद्यांच्या धाकाने. समुद्रातल्या लहान माशांचाही हिशेब तोच: पहारा देणारे डोळे जास्त आणि नेमके आपणच सापडण्याची शक्यता कमी. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शिकारी नसतो. धाक संपला की थवा विस्कटतो आणि जागेवरून मारामाऱ्या सुरू होतात. म्हणून थव्यासाठी मासे निवडताना रंगाआधी स्वभाव पाहावा.

हिरवा क्रोमिस दिसायला देखणा. आठ-दहा आणले, तर दांडगा मासा दुबळ्याच्या मागे लागतो आणि काही महिन्यांत दोन-तीनच उरतात, हा अनेक हौशी पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. टाकी मोठी असावी, सारख्या आकाराचे मासे एकाच वेळी सोडावेत. तरीही खात्री नाही.

केशरी-गुलाबी अँथियास जन्मतः माद्या असतात. गटातला नर मेला, की सहसा सर्वांत मोठी मादी नर बनते. त्यामुळे एक नर आणि बाकी माद्या असाच गट घ्यावा. प्रवाळाजवळ ते दिवसभर प्लवक टिपत असतात. टाकीतही त्यांना दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे खाणे लागते. सकाळी कामावर जाऊन रात्री परतणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

पजामा कार्डिनल मात्र शांत. दिवसा एका जागी तरंगत राहतो, रात्री खाणे शोधतो. त्याचा भाऊबंद बांगाई कार्डिनल इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा. त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो. पण जोडी जमली की ती इतरांना छळते, म्हणून जोडीच ठेवावी.

पाण्याचेही पथ्य आहे. काळी नदी कारवारजवळ समुद्राला मिळते; तिथले समुद्राचे पाणी टाकीत भरावेसे वाटेल, पण पावसाळ्यात मुखाजवळचे पाणी मचूळ होते. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळावे, लिटरला सुमारे 35 ग्रॅम. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणू नयेत. समुद्रातून प्रवाळ उचलून आणणे तर गुन्हाच, कारण वन्यजीव कायदा 1972 त्याला संरक्षण देतो.

नवशिक्याने तीनेकशे लिटरच्या टाकीत पाच पजामा कार्डिनलांपासून सुरुवात करावी. विकत घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे: मासा पैदास केंद्रातला आहे, की समुद्रातून पकडलेला? पैदास केंद्रातलाच घ्यावा.