कळ लावणारं फूल

श्रावणात रस्त्याकडेच्या कुंपणात ती दिसतेच. पानाचं टोकच गुंडाळी होऊन शेजारच्या करवंदीला घट्ट धरलेलं आणि वर सहा पाकळ्यांची ज्योत. उमलताना हिरवट-पिवळी, मग केशरी, शेवटी लालभडक. ही कळलावी. कोकणात हिला ‘गौरीचे हात’ म्हणून मान, संस्कृतात ती अग्निशिखा, आणि कंद नांगरासारखा वाकडा म्हणून लांगली. तमिळनाडूचं तर हे राज्यफूल.

नाव पडलं बाळंतपणावरून. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंद उगाळून त्याचा लेप लावत. लेप, पोटात घ्यायचा काढा नव्हे. हे फूल घरात आणलं की भांडणं लागतात, अशीही समजूत आहे. ती मला जुन्या बायकांची हुशारी वाटते. भांडणाच्या धाकाने का होईना, पोरं हात लावत नाहीत.

आयुर्वेदाने हिला सरळ उपविषांत बसवलंय. कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवून शोधन केल्याशिवाय वैद्य ती वापरत नाहीत. विषाचं नाव कोल्चिसीन. ते कंदात आहे, बियांतही आहे. पेशी दुभंगताना आतले जे धागे रंगसूत्रं ओढून वेगळी करतात, ते धागे हा पदार्थ बनूच देत नाही. गाउटच्या दुखण्यावर डॉक्टर याचीच गोळी देतात, अर्ध्या मिलिग्रॅमची. तीही मूत्रपिंड अधू असेल तर जपून. अर्ध्या मिलिग्रॅमचा हिशेब कारखान्यात जमतो. उगाळलेल्या कंदात किती उतरलं, हे सहाणेवर कोण मोजणार?

अपघात बहुधा कंद रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ल्याने होतात. उकडल्याने विष जात नाही. फसवं म्हणजे पहिले काही तास माणूस ठणठणीत असतो. मग उलट्या, जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, हृदय, अस्थिमज्जा एकेक करून बसू लागतात. हमखास उतारा दवाखान्यातही मिळत नाही. म्हणून त्रास सुरू होण्याची वाट न बघता, खाल्लेल्या कंदाचा उरलेला तुकडा घेऊन तडक मोठं रुग्णालय गाठायचं.

जे वाचतात, त्यांच्या कंगव्यात आठवड्या-दोन आठवड्यांनी केसांचे पुंजके येतात. केसांच्या मुळाशी पेशी भराभर दुभंगत असतात ना, त्यांचंच काम कळलावीने थांबवलेलं असतं.