रिकाम्या जागेची किंमत

कागदावर सोडलेली रिकामी जागा म्हणजे काहीच नाही, असे आपण समजतो. संगणकाला मात्र तीही एक अक्षरच वाटते. संख्याशास्त्र विषय घेतल्यावर 'सॅस' ही प्रणाली शिकताना हे मला उमगले. माहितीचे पृथक्करण करण्यासाठी ती वापरतात. ती चालविणारी सॅस इन्स्टिट्यूट १९७६ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात स्थापन झाली.

सॅसमध्ये एखाद्या मजकुराला नाव देऊन तो बाजूला ठेवता येतो. पुढे ते नाव लिहिले की त्या ठिकाणी तो मजकूर येऊन बसतो. यालाच मॅक्रो व्हेरिएबल म्हणतात. पण मजकुराबरोबर नको असलेल्या जागाही येतात, त्या कशा?

शिकणाऱ्यांसाठी सॅसबरोबर 'क्लास' नावाचा तक्ता मिळतो. त्यात १९ विद्यार्थी आहेत. ही संख्या 'कॉल सिमपुट' या आज्ञेने साठवली, तर ती १२ घरांत उजव्या कडेला लिहिली जाते. म्हणजे १९ च्या आधी १० जागा रिकाम्या. 'अहवाल' या शब्दाला ती जोडून फाइलचे नाव केले, तर मध्ये हे खिंडार राहते. फाइल तयार होते, पण 'अहवाल१९' म्हणून शोधू गेल्यास सापडत नाही. नावांचे याच्या उलट. तक्त्यात नावाला ८ घरे आहेत. 'जेन' हे नाव इंग्रजीत ४ अक्षरांचे. उरलेली ४ रिकामी घरे त्याच्या मागे चिकटून येतात.

उपाय सोपे आहेत. 'सिमपुट'ऐवजी 'सिमपुटेक्स' वापरले, की दोन्ही टोकांच्या जागा साठवतानाच गळतात. एसक्यूएलमधून मूल्य घेताना 'ट्रिम्ड' हा शब्द जोडावा. मूल्य आधीच साठवलेले असेल, तर 'लेट' या आज्ञेने ते त्याच नावात पुन्हा भरावे. 'लेट' कडेच्या जागा ठेवत नाही.

मात्र एक भेद विसरू नये. 'स्ट्रिप' हे फंक्शन फक्त टोकांच्या जागा काढते. 'कॉम्प्रेस' मधल्याही काढून टाकते. संख्येला त्याने बाधा येत नाही, पण नाव आणि आडनाव एकमेकांना चिकटतात. ही बाब क्षुल्लक नव्हे. माझ्या आजीचे नाव एका कागदावर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून लिहिलेले होते. तेवढ्यापायी वडिलांना एका कचेरीत तीन खेपा घालाव्या लागल्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून या धड्याकडे मला केवळ परीक्षेपुरते पाहता आले नाही.

कडेची जागा यंत्राने सोडलेली असते, मधली माणसाच्या नावाची असते. दोन्ही यंत्राला सारख्याच दिसतात. म्हणून कोणती काढायची आणि कोणती राखायची, हे आज्ञा लिहिणाऱ्यानेच आधी ठरवले पाहिजे.