घरच्या बालवर्गाचा एक आठवडा
बायबलमधील ‘उत्पत्ति’ ग्रंथांत सहा दिवसांचें सृष्टिकार्य व सातव्या दिवसाचा विसावा सांगितला आहे. चार-पांच वर्षांच्या मुलास घरीं शिकविणाऱ्या ख्रिस्ती मातेस आठवड्याचा क्रम यांतच मिळतो. सोमवारीं अंधाऱ्या खोलींत दिवा लावावा. मंगळवारीं आकाश न्याहाळावें. बुधवारीं भिजविलेली मेथी कुंडींत पेरावी. गुरुवारीं सूर्य, चंद्र व तारे, शुक्रवारीं मासे-पांखरें, शनिवारीं गाईगुरें आणि मनुष्य. दररोज अर्धा तास पुरे. वचनें पाठ करून घेण्याची घाई करूं नये. धाकानें पाठ केलेलें वचन मुलास देवाचें न वाटतां छडीचें वाटतें. रविवारीं कांहींच शिकवूं नये. कुंडी तेवढी पुढें ठेवावी. कोणी न ओढतां वर आलेले अंकुर पाहून मूल जें विचारील, तोच आठवड्याचा खरा पाठ होय.