कुऱ्हाडीने घडणारी फळी

कोपनहेगनला गेलेल्या माणसाचे दोन दिवस न्युहाउनची रंगीत घरं, टिव्होलीची बाग आणि बंदरातला जलपरीचा पुतळा पाहण्यात सहज जातात. तिसरा दिवस हाताशी असेल तर रोस्किल्डची गाडी पकडा, असं मी आग्रहाने सांगेन. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. स्टेशनवरून खाडीकडे, म्हणजे फ्योर्डकडे, उतरताना वाटेत विटांचं कॅथेड्रल लागतं. डेन्मार्कच्या राजाराण्यांच्या समाध्या तिथे आहेत. ते पाहावंच, पण खरा वेळ राखून ठेवावा तो काठावरच्या वायकिंग जहाज संग्रहालयासाठी, आणि त्यातही तिथल्या जहाजं बांधायच्या आवारासाठी.

संग्रहालयातली जहाजं याच फ्योर्डमधली. 1070 च्या सुमारास शत्रूची वाट अडवायला इथल्या लोकांनी जुनी जहाजं दगड भरून फ्योर्डच्या अरुंद मार्गात बुडवली. 1962 मध्ये त्या जागेभोवती बांध घालून पाणी उपसलं, तेव्हा चिखलातून पाच जहाजांचे हजारो तुकडे निघाले. ती जहाजं कशी बांधली, हे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण फळ्यांवर कुऱ्हाडीच्या घावांच्या खुणा होत्या. आजचे कारागीर त्या खुणा वाचूनच हात चालवतात.

मी पोचले तेव्हा ओकचा एक सरळसोट ओंडका आडवा ठेवला होता. लाकूड ओलं होतं. वाळलं की ओक कठीण होतो आणि हत्याराला दाद देत नाही, म्हणून ताजंच घेतात. कारागिराने टोकाला पाचर ठोकली. चीर उमटली, तशी तिच्या पुढे दुसरी पाचर, मग तिसरी. दर घावानंतर तो थांबे, चीर कुठे वळते ते वाकून पाही आणि मगच पुढचा घाव घाली. आतून करकर आवाज येत होता. अखेर ओंडका उभा दुभंगला. अर्ध्याचे पाव, पावाचे आठवे भाग, असं करत मध्यापासून सालीपर्यंतच्या फाका निघतात, कलिंगडाच्या निघतात तशा. त्या फाकेला रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने तासत तासत फळी होते.

सगळं मर्म या फाडण्यात आहे. करवत आपली सरळ जाते. वाटेत आलेले लाकडाचे तंतू कापून टाकते. पाचर मात्र तंतूंच्या मधून वाट काढते, त्यामुळे ते फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. अशी फळी दोन-तीन सेंटिमीटर जाडीची असली तरी लाटेबरोबर वाकते आणि तुटत नाही. मध्यापासून फाडल्यामुळे ती वाळताना फारशी पिळवटतही नाही. जहाज हलकं हवं आणि समुद्रात टिकायलाही हवं, या दोन्ही मागण्या ओंडका फोडतानाच भागतात. झाड निवडतानाच डोळा लागतो तो यासाठी: खोड पिळलेलं असेल, फांद्यांच्या गाठी असतील, तर कितीही कसबी हात असला तरी नीट फळी निघत नाही.

पुढचं काम तसं सोपं दिसतं, पण ते चिकाटीचं आहे. प्रत्येक फळीची कड खालच्या फळीवर चढवायची, मधे डांबरात भिजवलेला लोकरीचा पेड घालायचा, आरपार लोखंडी खिळा ठोकायचा, आतल्या बाजूने त्यावर चकती बसवून टोक चेपायचं.

या ज्ञानाची परीक्षा समुद्रावर होते. त्या पाच जहाजांतलं 30 मीटर लांबीचं युद्धजहाज 1042 मध्ये डब्लिनला बांधलेलं, हे त्याच्या ओकच्या वाढीच्या वलयांवरून कळलं. त्याची प्रतिकृती ‘हाउहिंग्स्टेन’ 2007 मध्ये सुमारे साठ जणांना घेऊन उत्तर समुद्र ओलांडून डब्लिनला गेली आणि पुढच्या वर्षी परतली.

मला मात्र जास्त मोलाची वाटते ती त्याच पाचांतल्या लहान मालवाहू जहाजाची गोष्ट. त्याची ‘रोअर एगे’ नावाची प्रतिकृती 1984 मध्ये पाण्यात सोडली. तीसेक वर्षांत तिची लाकडं थकली, तेव्हा ती बाहेर काढून ठेवली. मग कारागीर पुन्हा त्याच जुन्या अवशेषांकडे वळले, पुन्हा ओंडके फोडले, आणि त्यातून घडलेली ‘एस्ट्रिड ब्युर्डिंग’ 2022 मध्ये फ्योर्डमध्ये उतरली.