घोड्याला चेहरा वाचता येतो

मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताचं दर्शन झालं की माझे पाय सारंगखेड्याच्या घोडेबाजाराकडे वळतात. मारवाडातून, काठेवाडातून, पंजाबातून जनावरं आलेली असतात. घोडा मी कधी घेतला नाही. मला तिथलं शिकवणं पाहायचं असतं. वडिलांचं बोट धरून यायचो तेव्हापासून एक दृश्य डोळ्यांत आहे. नव्या शिंगराला मागं सरायला शिकवणारा माणूस लगाम किंचित ओढून धरतो. शिंगरानं एक पाऊल मागं टाकलं की त्याच क्षणी हात सैल. ओरडणं नाही, समजावणं नाही. पाच-सात वेळा जमलं की तो थांबतो, शिंगराला बांधून खरारा करतो आणि उन्हं कलल्यावर पुन्हा तेवढंच करून घेतो.

तापीकाठच्या गावांमधून बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर त्या वर्षांकडे पाहताना वाटतं, हा माणूस जे दोन बोटांत राखून होता, ते आम्ही शाळांमधून तुकड्यातुकड्यानं मिळवलं आणि तुकड्यातुकड्यानंच घालवलं.

माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, शाळा सुटण्याआधी पाढ्यांचा घोष व्हायचा. बे, तीन, चार झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. वडिलांप्रमाणे आम्हीही औटकी म्हणायचो, म्हणजे साडेतिनाचा पाढा. वडील सातवी शिकलेले, पण कापसाचा हिशेब तोंडी करायचे आणि दुकानदार कागदावर बेरीज मांडेपर्यंत उत्तर सांगून मोकळे व्हायचे. आज घोकंपट्टी ही शिवी झाली आहे. मला ती सरसकट मान्य नाही. पाढे रोज थोडे, मध्ये रात्र जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे वर्षानुवर्षं व्हायचे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं 1885 साली स्वतःवरच्या प्रयोगांचं पुस्तक छापलं, त्यात हेच आकड्यांत आहे. बारा निरर्थक अक्षरगटांची एक यादी त्यानं सलग 68 वेळा घोकली, आणि दुसऱ्या दिवशी ती बिनचूक म्हणायला जितकी मेहनत लागली, तितकीच मेहनत तीन दिवसांत विभागून केलेल्या 38 आवर्तनांनंतरही पुरली. विसरण्याचा वेगही त्यानं मोजला. पहिल्या तासाभरातच पाठांतराची निम्म्याहून जास्त कमाई ओसरते, पण पुढं उतार मंदावतो आणि महिन्यानंतरही साधारण पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. विसरायला लागलेलं पुन्हा उजळणं, हेच पाढ्यांचं बळ होतं.

त्या शाळेत छडी होती. भीतीनं गळा आवळलेल्या पोराला येत असलेलं उत्तरही सुचत नाही, हे मी त्या बाकावर भोगलं आहे. आणि औट म्हणजे साडेतीन, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आवाज पाठ केला, अर्थ घरी वडिलांकडून कळला.

स्वतः मास्तर झाल्यावर छडी टाकली, घोष मात्र ठेवला. पोरं घरी अहिराणी, गुजरी, भिली बोलणारी. शाळेची मराठी त्यांना नवीच. मी म्हणायचो, “महाराष्ट्राची राजधानी मुं...” आणि वर्ग गर्जायचा, “...बई!” मी खूश, तपासणीला आलेले साहेबही खूश. एकदा मान खाली घालून हजेरी भरता भरता आदल्या दिवशीचाच प्रश्न विचारला. वर्ग गप्प. वर पाहिलं, ओठ हलवले, लगेच दहा हात वर. त्या दिवशी मला भय वाटलं.

पुढं बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट वाचनात आली. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकानं त्याला गणित शिकवलं होतं. उत्तराइतक्या टापा तो जमिनीवर मारायचा. 1904 साली तज्ज्ञांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंगस्ट यानं धीरानं प्रयोग केले आणि 1907 साली ते प्रसिद्ध केले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. योग्य आकडा आला की माणसाची मान नकळत किंचित हलायची, ते पाहून हान्स थांबायचा. तो हुशारच होता, पण गणितात नव्हे, चेहरा वाचण्यात. माझी पोरंही तशीच हुशार होती.

2010 साली शिक्षणहक्क कायदा लागू झाला. मारायला बंदी आली, ते फार चांगलं झालं. पण परीक्षेचा धाक जाताना मुलाला विचारण्याची सवयही गेली. 2015 नंतर ज्ञानरचनावादाची लाट आली. फरश्या रंगल्या, काड्यांचे दशकाचे गठ्ठे वर्गात आले. त्या गठ्ठ्यांनी जे केलं ते माझ्या आयुष्यभराच्या खडूला जमलं नव्हतं. तिसरीतली एक मुलगी सात गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढ्यात घेऊन बसली होती. त्र्याहत्तर म्हणजे काय, हे तिला हातांनी कळलं.

म्हणूनच 2019 सालचा वाद मला लागला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं गेलं. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर कळकळीनं सांगत होत्या की, मराठीत आपण त्र्याहत्तर म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना सात आधी लिहितो, तिथं लहान मुलं अडखळतात. राज्यभर टिंगल झाली. माणूस एका वेळी मनात मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतो. जॉर्ज मिलर यांनी 1956 साली तो आकडा सातच्या आसपास मांडला, नंतरच्या अभ्यासकांनी आणखी खाली आणला. घरी दुसरीच भाषा बोलणाऱ्या पोराला त्यातच अंक उलटायचेही असतात. नारळीकर बाईंचं बरोबर होतं, हे मी वर्गात पाहिलं आहे.

मात्र समजलं म्हणजे लक्षात राहिलं असं नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून पुढं तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना 40 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 61. हे मला नोकरीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत कळलं. रोज सकाळी पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद, घोष नाही, प्रत्येकानं पाटीवर कालचं आणि गेल्या आठवड्यातलं एकेक लिहायचं. चुकलं तर रागावणं नाही, गठ्ठे घेऊन पुन्हा बसायचं. गुण नाहीत, नोंद नाही. एवढं मी पहिल्या वर्षापासून करायला हवं होतं.

आईवडिलांना आणि नव्या गुरुजींना, बाईंना माझी विनंती आहे. आज रात्री पोराला कालचा धडा विचारा. पुस्तक मिटलेलं असू द्या, पहिलं अक्षर सुचवू नका, आणि तो आठवत असेल तेवढा वेळ तुमची नजर दुसरीकडे ठेवा.